न जळणारी राळ

“मग तो जाळ जातो कुठं?”

चैत्राली दचकली. प्रश्न हळूच विचारला होता. पण दरीच्या काठावर, धुक्यात, हळू आवाजही एकदम अंगावर येतो.

कमालशा फकीर तिच्याकडे पाहत नव्हता. काळकड्याच्या घाटातल्या अवघड वळणावर, पिराच्या चौथऱ्याशी बसून तो कोळशांवर फुंकर घालत होता.

इतका वेळ तीच बोलत होती. ब्रेकच्या पॅडमध्ये नाना भुकट्या असतात, त्यांना एकत्र धरून ठेवते ती राळ. उतारावर ब्रेक तापला की साधी राळ जळते, करपट वास सुटतो आणि पकड ढिली पडते. तिनं बनवलेली राळ जळत नाही. पहिली थोडी खेप मागच्या पावसाळ्यातच गाड्यांना बसली होती. तक्रार एकही आली नव्हती. आज चाचणीसाठी कारखान्याचे ड्रायव्हर धोंडीमामा तेच पॅड बसवलेला, मालानं भरलेला टेम्पो घेऊन वरून निघाले होते. कुठंही थांबायचं नाही, असं तिनंच त्यांना बजावलं होतं. ते खाली पोचले की कारखाना सगळ्याच पॅडना तिची राळ वापरणार होता.

“जळतच नाही म्हटल्यावर जाळ कसला, बाबा?”

“चाक तापतं ना?”

“तापतं. पण राळ सोसते.”

“सोसते...” फकीर स्वतःशीच म्हणाला.

घाटातली रीत अशी, की ब्रेकचा वास आला की ड्रायव्हरनं या वळणावर गाडी लावायची, चाकं गार होईपर्यंत फकिराचा चहा प्यायचा. झिजलेले पॅड बदलले की जुने पिराला आणून ठेवायचे. चौथऱ्याच्या कोनाड्यात त्यांची रास पडली होती. त्यात एक मात्र जवळजवळ कोरा होता. चैत्रालीनं तो उचलला, पालथा करून पाहिला. काठावर तिच्या कारखान्याची खूण.

“हा तर आमचा. बघा, चीर नाही की राख नाही. कुणी ठेवला?”

“मीच आणला. खालून.”

“खालच्या वाडीत मिळाला होय?”

फकिरानं तो तिच्या हातून घेतला, कफनीला पुसला, होता तिथं ठेवला.

“थांबला नव्हता तो,” एवढंच म्हणाला.

“थांबायची गरजच काय? तुमच्या चहाचं गिऱ्हाईक तोडलं म्हणा की आम्ही.”

तो हसला नाही.

वर कुठंतरी इंजिनाची घरघर उठली. फकिरानं राशीतून एक झिजलेला तुकडा काढला आणि कोळशांवर टाकला. काळा धूर निघाला. नाकाला झोंबणारा तो करपट वास धुक्याबरोबर रस्ताभर पसरला.

“हे काय करताय? मामांना वाटेल, त्यांचीच गाडी...”

तेवढ्यात टेम्पो करकरत वळणावर येऊन थांबला. मामा उडी टाकून उतरले आणि आधी चाकांना दगड लावले.

चैत्रालीचा संताप झाला. चाचणी पाण्यात गेली होती. वास गाडीचा नाही, बाबांचा उद्योग आहे, ताबडतोब निघा, असं तिनं मामांना सुनावलं. मामांनी चाकांना हुंगून पाहिलं. वास नव्हता. “फसवलंस की रे म्हाताऱ्या,” म्हणत ते पुन्हा वर चढले, आणि दगड काढायला सांगण्याआधी सवयीनं त्यांनी ब्रेकवर पाय दिला.

पाय थेट तळाला टेकला.

पुन्हा दाबला. पुन्हा तळालाच.

राळ जळली नव्हती. जाळ तिच्यातून आरपार मागं गेला होता, आणि पायाचा दाब चाकापर्यंत नेणारं मागचं ब्रेक ऑइल उकळून त्याची वाफ झाली होती. वाफ दाबून गाडी थांबत नाही. हे चैत्रालीला कॉलेजातच शिकवलं होतं. तिनं राळेची परीक्षा घेतली होती, ब्रेकची घेतली नव्हती.

पुढच्या वळणाला कठडा नव्हता.

मामा खाली उतरले. चाकांखालचे दगड त्यांनी आणखी घट्ट ठोकले.

चैत्राली चौथऱ्याशी येऊन बसली.

“बाबा, तुम्हाला कळलं कसं?”

“मला कुठं कळलं, बेटी? कुठलीही गाडी येताना ऐकली, की मी एक तुकडा जाळतो.”

तिची नजर कोनाड्यातल्या कोऱ्या पॅडवर गेली. तिथून दरीकडे. दरीत धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं.

“मग तो...?”

फकिरानं चिमट्यानं निखाऱ्यांवर राख ओढली.

“त्या दिवशी कोळसे भिजले होते.”