चोरून प्यालेली काकवी

भोगावतीच्या काठी, चारी बाजूंनी उसानं वेढलेल्या एका गावात, केरबा नावाचा एक गुळव्या राहत होता. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळातला मुख्य कारागीर. मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळत असतो. तो नेमका केव्हा उतरवायचा, हे गुळव्यानं सांगायचं. घाई केली तर गूळ चिकट होतो, उशीर केला तर करपतो. केरबाचा शब्द कधी चुकला नाही. त्याच्या हातचा गूळ सोन्यासारखा पिवळा निघायचा आणि पंचक्रोशीत त्याचं नाव होतं.

पण हाताला जेवढा लगाम, तेवढी जीभ मोकाट. केरबा आडवा वाढत गेला. साखरेचा आजार जडला, गुडघे बोलायला लागले, चार पावलं टाकली की धाप लागायची. एकदा चुलवाणाच्या काठावर त्याचा तोल गेला. चुलवाण म्हणजे काहिलीखालची भट्टी. म्हादू नावाचा त्याचा जुना जोडीदार शेजारी होता, त्यानं दंडाला धरून मागं ओढलं म्हणून केरबा उकळत्या रसात पडता पडता वाचला. गुऱ्हाळाचे मालक रंगराव यांनी दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसायला सांगितलं. मिसरूड फुटल्यापासून जो माणूस काहिलीपाशी उभा राहिला, तो आता उंबऱ्यात बसून दुसऱ्यांच्या गुऱ्हाळाचा धूर बघायला लागला. त्या दिवसांत तो बायकोच्या चोरून रडला, हे गावाला ठाऊक नाही. मी सांगतो म्हणून तुम्हाला कळलं.

शेवटी कुणीतरी शहरातल्या दवाखान्याचं नाव सांगितलं. तिथं पोट कापून लहान करतात म्हणे. केरबा घाबरला, पण काहिलीपाशी परत उभं राहायची आस भीतीपेक्षा मोठी होती. ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून बजावलं.

"पोट मी लहान केलंय. जीभ होती तेवढीच आहे. भाकरी थोडी खाल्ली तरी पोट भरेल, पण गोड आणि पातळ जे असेल ते नुसतं घसरत जाईल, त्याला पोट अडवणार नाही. वर घाम फुटेल, छाती धडधडेल, चक्कर येईल. ते तोंडाला लावू नका."

केरबानं ऐकलं. पहिलं वर्ष त्यानं असं काढलं की सोन्याच्या अक्षरांनी लिहावं. आधी अंडं नाहीतर उसळ, मग भाकरीचा चतकोर, मग हात धुवायचा. अंग उतरलं. साखरेच्या आजाराच्या गोळ्या सुटल्या. जुना करदोटा कमरेवरून घसरायला लागला, तेव्हा त्याच्या बायकोनं, वैजंतानं, नवा काळा दोरा आणला आणि आपल्या हातानं गाठ मारली. हंगाम आला तसे रंगराव स्वतः दारात आले. केरबा पुन्हा काहिलीपाशी उभा राहिला.

इथवर सगळं गोड झालं, आणि गोडातच घोटाळा झाला.

पाक तयार झाला का, हे बघायची गुळव्याची एक रीत असते. थोडा पाक गार पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची आणि काहिलीच्या काठावर मारायची. टण असा आवाज आला की समजायचं, पाक झाला. मग त्या गोळीचं काय करायचं? मातीत टाकायची? गूळ म्हणजे लक्ष्मी, ती पायदळी कशी तुडवायची? म्हणून गुळव्या ती तोंडात टाकतो. केरबाचा बाप टाकायचा, आजा टाकायचा. केरबानंही टाकली. ही काय खाणं झालं, त्यानं मनाशी म्हटलं, ही तर पारख. पोटापाण्याचं काम.

पहिल्यांदा गोळी हरभऱ्याएवढी होती. मग ती सुपारीएवढी झाली. मग आवळ्याएवढी. एवढ्या मोठ्या गोळीनं कसली पारख होते, हे त्याला कुणी विचारलं नाही, आणि स्वतःला विचारायची त्याची छाती नव्हती.

मग काकवी आली. काकवी म्हणजे गूळ व्हायच्या आधीचा पातळ पाक, मधासारखा. भाकरीचा अर्धा तुकडा ज्या पोटाला जड होत होता, त्याच पोटात काकवीचा पेला सुळकन उतरला. पहिल्या दिवशी अंगानं लगेच बोंब मारली. घाम सुटला, छातीत ढोल वाजायला लागला. शहाणा माणूस तिथंच कानाला खडा लावता. केरबानं भलतंच शहाणपण केलं. तो घोट घोट, थांबून थांबून प्यायला लागला, म्हणजे अंगाला पत्ता लागू नये. पिळलेल्या उसाच्या चिपाडांच्या गंजीमागं त्यानं एक पितळी पेला लपवला. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं त्याचं चाललं होतं.

अंगाला पत्ता लागला नाही असं कसं होईल? करदोटा कमरेत रुतायला लागला. दवाखान्यात दाखवायची तारीख आली, तर केरबानं एसटी चुकली म्हणून सांगितलं. पुढची तारीख आली, तेव्हा गुऱ्हाळाला सुट्टी नाही म्हणाला. आणि करदोटा फारच काचायला लागला, तेव्हा एका दुपारी गंजीमागं त्यानं गाठ सोडली, दोरा सैल केला आणि पुन्हा बांधला. वजन वाढलं ते दिसू नये म्हणून माप बदललं. बदललं कुणाचं, तर आपलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजंता त्याच्या पाठीवर ऊन पाणी ओतायला न्हाणीत गेली आणि तिचा हात कमरेपाशी थांबला. तिनं गाठ निरखून बघितली. केरबा म्हणाला, दोरा तुटला होता, म्हणून मीच बांधला.

"तुटला असता तर दोऱ्याला सांधा दिसला असता," वैजंता म्हणाली. "दोरा माझाच हाय. गाठ तेवढी तुमची हाय."

एवढंच. तिनं तांब्या खाली ठेवला आणि चुलीपाशी गेली. तिनं भांडण काढलं असतं तर केरबाला बरं वाटलं असतं. उलटं दोन शब्द बोलून मोकळा झाला असता. पण ती गप्प राहिली आणि ते गप्प राहणं त्याला दिवसभर टोचत राहिलं.

त्याच तिरीमिरीत तो गुऱ्हाळावर आला. वैजंतानं बांधून दिलेलं अंडं आणि उसळ त्यानं डब्यातच ठेवलं. मनात ठरवलं होतं, आज गोळी नाही, काकवी नाही, काहीच नाही. पण उपाशी पोट आणि चिडलेलं मन ही जोडी फार वाईट. दुपार कलली तशी भूक डोक्यात चढली. सकाळचं ते न्हाणीघर पुन्हा पुन्हा आठवायचं आणि जीव कासावीस व्हायचा. आणि समोर काय, तर काहिलीत फसफसणारा सोनेरी पाक आणि सगळीकडं त्याचा वास. केरबा कधी गंजीमागं गेला, त्याचं त्याला कळलं नाही. त्या दिवशी घोट घोट नव्हतं. पेला भरला आणि एका दमात रिकामा केला. पुन्हा भरला आणि पुन्हा रिकामा केला.

तोंड पुसून तो काहिलीपाशी आला तेव्हा आधण उतरायच्या बेताला आलं होतं. उसाच्या एका काहिलीभर रसाला आधण म्हणतात. चार गडी काहिलीच्या कड्यांमध्ये दांडे घालून तयार उभे होते. गुळव्यानं शब्द दिला की ते काहील ओढायचे आणि शेजारच्या वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या उथळ खड्ड्यात, कलंडवायचे. पुढच्या दांड्यावर म्हादू होता. ती जागा सगळ्यांत वाईट. पाक वाफ्यात पडतो तो त्या माणसाच्या पायांपासून हातभर अंतरावर. गुळव्यानं काहिलीच्या तोंडाशी फावडं धरून धार आवरायची असते. ते फावडं चुकलं तर पाक उसळतो, आणि उकळता पाक अंगावर पडला की पाण्यासारखा ओघळून जात नाही. चिकटून बसतो आणि हाडापर्यंत जाळतो. म्हादू त्या जागी उभा राहायचा तो केरबाच्या भरवशावर.

केरबानं गोळी वळली आणि काठावर मारली. आवाज आला का? आला असावा. त्याला नीट ऐकूच आलं नाही. कानात पाणी शिरल्यासारखं झालं होतं. मानेवरून घामाची धार निघाली. छाती अशी धडधडायला लागली की सदऱ्याचं बटण हलत होतं. समोरची एक काहील त्याला दोन दिसायला लागली.

त्याला कळलं. काय झालंय आणि कशानं झालंय, दोन्ही कळलं.

"लावायचा का जोर?" म्हादूनं विचारलं.

केरबाचं मन त्याला समजावत होतं. क्षणभराची चक्कर आहे, जाईल. फावडं घट्ट धर. आजवर किती आधणं उतरवलीस, डोळे मिटून उतरवशील. आता थांब म्हणालास तर आधण करपेल. आधण करपलं तर लोक कारण विचारतील. कारण कळलं तर उद्या तू पुन्हा उंबऱ्यात. आणि वैजंताला काय तोंड दाखवशील?

पाकाचा रंग बदलायला लागला. गडी चुळबुळ करायला लागले. म्हादू मात्र दांडा धरून केरबाच्या तोंडाकडं बघत होता. त्याच्या नजरेत जराही शंका नव्हती. केरबानं फावडं उचललं. म्हादूचे उघडे पाय त्याला दिसले, तेही दोनाचे चार.

त्यानं फावडं टाकून दिलं.

"काहिलीला हात लावू नगा. दांडे काढा. मी चोरून काकवी प्यालोय. मला दिसंना झालंय."

एवढं बोलून तो होता तिथंच मातीत बसला. गडी दांडे काढून मागं सरले. कुणी चुलवाणातला जाळ बाहेर ओढला, पण तापलेली भट्टी का तशी थंड होते? आधण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तांबडं झालं, मग काळं झालं. करपल्याचा वास गावात पोचला. रंगराव धावत आले. त्यांनी काहिलीत बघितलं, केरबाकडं बघितलं. केरबानं त्यांना सगळं सांगितलं. तोंडात टाकलेल्या गोळ्या सांगितल्या, पेला सांगितला, चुकवलेल्या तारखासुद्धा सांगितल्या. काही झाकून ठेवलं नाही. रंगरावांनी त्याला घरी जायला सांगितलं.

घरी जाऊन त्यानं वैजंतालाही तेच सगळं सांगितलं, मान खाली घालून. तिनं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण सकाळपेक्षा तिचा चेहरा मोकळा दिसत होता. उद्या पहिल्या गाडीनं दवाखान्यात जायचं, एवढंच ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी त्याला काट्यावर उभं केलं. वजन बरंच वाढलं होतं. केरबानं शिव्या खायची तयारी ठेवली होती, पण बाई रागावल्या नाहीत. पुष्कळांचं असं होतं, त्या म्हणाल्या. वजन परत येतं तसं परत जातंही, फक्त लपून बसू नका, तारखेला येत जा. उपाशी राहू नका, उपाशी माणसाची जीभ ऐकत नाही. आधी अंडं, डाळ, उसळ. आणि ज्यांच्यासोबत दिवस काढता, त्यांना सांगून ठेवा.

केरबा गुऱ्हाळावर परत गेला तो आपलं फावडं आणायला. नोकरी गेली, असं त्यानं धरूनच चाललं होतं. रंगरावांनी शेजारच्या गावच्या गुळव्याला निरोपही धाडला होता. सगळे गडी जमले होते. रंगरावांनी म्हादूला पुढं बोलावलं आणि विचारलं, "पाय तुझे हायत, तवा तूच सांग. ह्याच्या शब्दावर परत काहील ओढशील?"

म्हादूनं केरबाकडं बघितलं. केरबाला वर बघवेना.

"ह्याचा हात चुकत न्हाई म्हणून आजवर ओढली," म्हादू म्हणाला. "आता हात चुकणार असंल तर हा आधी सांगतो, हे बी कळलं. नवा गुळव्या सांगंल का न्हाई, कुणाला ठावं? मी ह्याच्याच शब्दावर ओढीन."

केरबाला हुंदका आला. चारचौघांत आला आणि त्यानं तो आवरलाही नाही.

आता तुम्हाला वाटेल, त्या दिवसापासून केरबाची गोडाची वासना मेली. छे, वासना अशी मरत नसते. ती रोज दुपारी यायची. केरबा फक्त एक करायचा. ती आली की मोठ्यानं सांगायचा, "म्हादू, जीभ वळवळायला लागली." सगळे गडी हसायचे. म्हादू त्याच्या हातातून गोळी काढून घ्यायचा आणि वैजंतानं दिलेला डबा त्याच्यापुढं ठेवायचा. हंगाम सरेपर्यंत करदोटा पुन्हा सैल झाला, आणि या वेळी गाठीला कुणी हात लावला नव्हता.

तात्पर्य: वासनेला लपायला गंजीचा आडोसा मिळाला की ती पोसते, आणि चारचौघांत तिचं नाव घेतलं की तिचं निम्मं बळ सरतं. शरीर वैद्य दुरुस्त करील, पण आपली चूक आपल्या तोंडानं कबूल करायचं धाडस ज्याचं त्यानंच करावं लागतं.