लोखंडाच्या डोंगरावरचे तीन घाव

एका राज्यात लोखंड मेणासारखे मऊ झाले. नांगरांचे फाळ ढेकळांवर वाकले, सुया कापडावर दुमडल्या. तांबड्या ग्रहाच्या पलीकडे, गुरूच्या अलीकडे, जिथे फुटक्या जगांचे खडक फिरतात, तिथे लोखंडाचा एक डोंगर होता. एका मेलेल्या जगाचे ते काळीज. राजाच्या जादूगाराने त्याचा मुठीएवढा तुकडा तोडून मुकुटात बसवला, आणि डोंगराने राज्याला शाप दिला.

राजाने मुकुट उतरवला. तुकडा परत सांधायला साळबा लोहार एका म्हाताऱ्या गरुडाच्या पाठीवर बसून वर गेला, तो परत आलाच नाही. मग त्याचा धाकटा भाऊ धोंडू खांद्यावर घण टाकून त्याच गरुडापाशी आला.

"गरुडबाबा, मला वर न्या. दादाला आणायचंय."

"तुझ्या भावाने आधी सगळं विचारून घेतलं होतं. तुला काही विचारायचं नाही?"

"विचारायचं काम दादाचं. मी घाव घालतो."

ते खरेच होते. भट्टीपाशी साळबा हातोडीने टकटक करून जागा दाखवी आणि धोंडू तिथेच घण घाली. बोलावे लागत नसे.

गरुडाने त्याला डोंगरावर उतरवले. तिथे वारा नव्हता, गवत नव्हते. साळबाही नव्हता. धोंडूने हाका मारल्या. तेव्हा पायांखालून आवाज आला. टक टक.

धोंडू हसला. "थांब दादा, काढतो तुला बाहेर."

आवाज आला तिथे त्याने घण घातला. डोंगर हादरला. टकटक वीतभर सरकली. दुसरा घाव पडला, लोखंड लाल झाले. तिसऱ्यांदा हातोडी अगदी हळू वाजली. धोंडूने होते नव्हते ते बळ लावले.

टकटक थांबली.

लोखंड पाण्यासारखे निवळले. आत साळबा उताणा निजला होता. तुकडा त्याच्या छातीतून डोंगरात उतरला होता, सांधा कुठे दिसत नव्हता. हातोडी अजून मुठीत होती, स्वतःच्याच छातीवर टेकलेली.

"हे काय," धोंडू म्हणाला. "अहो, हे काय झालं."

गरुड म्हणाला, "तुकडा जिवंत काळजातूनच सांधला जातो. तुझ्या भावाला ठाऊक होतं, म्हणून तो तुकडा छातीवर ठेवून डोंगराच्या पोटात निजला. म्हणाला, धोंडू न बोलावता येईल. त्याला सांगू नका, सांगितलं तर त्याचा हात उठायचा नाही."

"आणि मी विचारलं असतं तर?"

"तर सांगावं लागलं असतं. पक्षी खोटं बोलत नाहीत."

त्याच घटकेला खाली फाळ ताठ झाले, सुया सरळ झाल्या. राजा पुढे बोडक्या डोक्यानेच सिंहासनावर बसला.

त्या राज्यात आजही थोरल्याने टकटक केली म्हणून धाकटा घण उचलत नाही. आधी विचारतो, "दादा, खाली काय आहे?" उत्तर आल्याशिवाय घाव पडत नाही.