तिन्हीसांजेची हाक

मी तशी मूर्खच साळुंकी. आमच्या जातीत अकलेपेक्षा आवाज जास्त, आणि माझा तर आवाजही बेताचाच.

आमच्या रानात कुणी फार म्हातारं झालं, की त्याला तळ्याकाठच्या उंबरावर नेऊन ठेवतात. तिथली व्यवस्था बगळ्यांकडे आहे. बगळे पांढरेशुभ्र, कमी बोलणारे, एका पायावर तासन्‌तास उभे राहणारे. त्यांच्या मते जो हलत नाही, तो बरा आहे.

आई घरट्याची वाट विसरायला लागली. एकदा तर घारीच्या झाडावर जाऊन निवांत बसली होती. मग मीच तिला उंबरावर पोचवलं. दुपारी भेटायला जायचे. चोचीत एखादा किडा, थोड्या गप्पा, आणि ऊन उतरायच्या आत परत. कारण आम्हा साळुंक्यांची एक रीत आहे. तिन्हीसांजेला प्रत्येक आई आपल्या पोरांना हाक मारते, "आलीस का गं?", "आलास का रे?" आणि "आले", "आलो" असं उत्तर मिळाल्याशिवाय डोकं पंखात घालत नाही. मलाही पोरं होती. त्यांना हाक मारायला मला घरी पोचायचं असे.

थोड्याच दिवसांत तिथली मुख्य बगळी, धवळाबाई, मला बाजूला घेऊन म्हणाली, "साळूताई, तुमच्या आई संध्याकाळी फार कालवा करतात. शेजारच्या पारव्याला टोचलंसुद्धा."

मी ओशाळले. जाऊन पारव्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मला कुणी टोचलं?"

"एक बी आहे," धवळाबाई म्हणाली. "ज्यांना फांदीफांदीवर साप दिसतात, त्यांना देतो आम्ही."

"आईला साप दिसतात?"

"नाही. पण बी गुणकारी आहे."

मी मान हलवली. मान हलवणं मला छान जमतं.

पुढच्या भेटीत आई शांत बसलेली. डोळे अर्धे मिटलेले, पीससुद्धा हलत नव्हतं. "किती गुणाची झालीय!" असं मी रानभर सांगत सुटले. भरवलेला किडा तिच्या चोचीतच राहिला होता. मी म्हटलं, पोट भरलं असेल.

मग एक दिवस आई फांदीवरून पडली. साळुंकी झोपेतही फांदी सोडत नाही, पण हिची पकडच गेली होती. पाय सुजला. त्या दिवशी पोरांना मावशीकडे धाडून मी पहिल्यांदाच ऊन उतरल्यावरही थांबले.

उंबरावर सांज झाली. आणि वरून आईचा आवाज आला, "साळू, आलीस का गं?"

मी गर्रकन वळून आईकडे पाहिलं. तिची चोच बंद होती. बोलला होता वरच्या ढोलीतला म्हातारा राघूनाना.

"तो कानावर पडेल ते पाठ करतो," धवळाबाई म्हणाली. "तुमच्या आईंचा कालवा तो हाच."

"अहो, मग कुणीतरी 'आले' म्हणायचं ना! तेवढंच तर हवं होतं तिला."

"झाड भरून म्हातारे आणि आम्ही मोजके बगळे. तुमच्या रीती आम्हाला कुठून ठाऊक?" तिने दुसरा पाय खाली टेकवला. "तुम्हाला ठाऊक होत्या. तुम्ही मान हलवलीत."

या वेळी मी मान हलवली नाही. म्हटलं, "ते बी बंद करा."

बी एकदम बंद करता येत नाही असं बगळे म्हणाले, म्हणून हळूहळू कमी केलं. आता रोज संध्याकाळी मी पोरांना घेऊन उंबरावरच असते. आईचे पाय पुन्हा फांदी धरायला लागलेत. किडा गिळते. सांज झाली की कधीकधी चोच उघडते. आम्ही सगळे श्वास रोखून पुढे झुकतो, आणि ती जांभई निघते.

काल ऊन उतरलं आणि हाक आली. अगदी तिचीच, शेवटचा 'गं' लांबवलेला. मी पंख पसरून त्या आवाजाकडे झेपावले. "आले गं आई, आले!"

राघूनानाने ढोलीतून एक डोळा बाहेर काढला.

"आई तुझी खाली बसलीय," तो म्हणाला. "मी राघू आहे."