सगुणेची तवली

खाडीच्या तोंडाशी खारवली नावाचं गाव होतं. म्हणजे गाव आहे अजून, पण ती खारवली आता राहिली नाही. तेव्हा बंदरात गलबतं लागायची, सुक्या मासळीचा वास थेट देवळाच्या पायरीपर्यंत यायचा, आणि त्या पायरीवर चाफ्याच्या सावलीत निंबाजी महाराज बसलेले असायचे. अंगावर घोंगडी, मुखात नाम. कुणी पाया पडलं की महाराज आधी विचारत, "जेवलास का रे?" लोक हसत. साधुपुरुषाने ब्रह्मज्ञान सांगावं, तर हे जेवणाची चौकशी करतात! काय गोड दिवस होते ते!

त्या वर्षी कार्तिकात वादळ झालं आणि विश्राम नाखव्याचं गलबत परतलं नाही. गलबत हाकणारा तांडेल होता शिवराम, आणि त्याच्या सोबतीला नाखव्याचा एकुलता मुलगा सखाराम. नाखव्याने होड्या धाडून उत्तरेचा सारा किनारा धुंडाळला. एक फळकूटही हाती लागलं नाही.

शिवरामची बायको सगुणा ही महाराजांची भोळी भक्त. ती रोज उपाशीपोटी देवळात येई आणि गुरवाला कौल लावायला सांगे. गुरव देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवी. उजवी पडली तर नवरा जिवंत, डावी पडली तर नाही. आज उजवी पडे, उद्या डावी. एका प्रश्नाला दोनदा कौल लावू नये, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण त्या माउलीला कोण समजावणार? पोटात अन्न नाही, डोळ्याला झोप नाही, केसांच्या जटा झालेल्या.

शेवटी एका सकाळी नाखवा देवळात आला आणि चारचौघांत म्हणाला, "पुरे झाला हा खेळ. होड्या थांबवल्या मी. उद्या दोघांची क्रिया करायची. सगुणे, बांगड्या उतरव."

सगुणा महाराजांच्या पायांशी कोसळली. "महाराज, देव माझ्याशी बोलतच नाही हो! मी करू काय?"

महाराज म्हणाले, "बोलतो गो. पण तुझ्या पोटात आग नि डोळ्यांत जाळ, तुला ऐकू कसं येणार? हा देहसुद्धा त्याचंच देऊळ. तिथे किती दिवस झाडलोट नाही, दिवा नाही, नैवेद्य नाही! घरी जा. ऊन पाण्याने न्हा, डोक्याला तेल लाव, पेज कर, पोटभर जेव आणि नीज. आणि हो, एक तवली माझ्यासाठी आणून ठेव."

सगुणेने काठ फुटलेल्या मातीच्या तवलीत गरम पेज आणून महाराजांपुढे ठेवली. मग ती आपल्या पडवीत केस विंचरत बसली. तेवढ्यात समोरून नाखवा निघाला.

"वा गो वा! नवरा समुद्राच्या तळाशी, आणि हिची वेणीफणी चाललीय! बुवांनी बरा धर्म शिकवला!"

बरोबरचे लोक फिदीफिदी हसले. सगुणेचा हात थांबला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण महाराजांचा शब्द! ती जेवली. पेजेत आसवं पडत होती तरी जेवली, आणि लहान लेकरासारखी झोपली.

दुपारी जाग आली तेव्हा मन कसं निवळलेलं होतं. त्या शांततेत तिला शिवरामचे शब्द आठवले. लग्नाच्या पहिल्या वर्षी जाळं सांधता सांधता तो म्हणाला होता, "वारा फिरला तर मी घराकडे धावायचा नाही गो. दक्षिणेला कासवखडकाच्या आड जाईन." अरे देवा! आणि होड्या धुंडाळत होत्या उत्तर!

सगुणा धावत बंदरावर गेली आणि दक्षिणेला होडी धाडा म्हणाली. "जेवली नि साक्षात्कार झाला!" म्हणून नाखव्याने होडी नाकारली. पण तिचा दीर जनार्दन उठला. "वहिनी, माझी होडी आहे. बस." इकडे महाराज पायरीवर डोळे मिटून बसले होते. देवळात आलेला प्रत्येक जण त्यांना तिथेच पाहत होता.

सूर्य टेकला आणि होडी परतली. होडीत शिवराम होता, पाय मोडलेला, पण जिवंत! आणि सखाराम! नाखवा कमरेइतक्या पाण्यात धावला.

सखाराम म्हणाला, "बाबा, गलबत खडकावर फुटलं. कालवं नि खडकातलं पावसाचं पाणी यावर जगलो. आज तेही संपलं, डोळे मिटू लागले. एवढ्यात एक घोंगडीवाला म्हातारा आला. त्याने पेज भरवली नि म्हणाला, 'जेवा आणि निजा. सगुणा निघालीय.'"

त्याच्या हातात काठ फुटलेली तवली होती. सगुणेने ती उराशी धरली. "अगो बाई, ही माझीच!"

सगळे देवळाकडे धावले. महाराज तिथेच होते. त्यांच्यापुढची तवली मात्र नव्हती.

नाखव्याने त्यांच्या पायांवर लोळण घेतली. "महाराज, मी पापी! मी हसलो!"

महाराजांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "विश्रामा, तू कधी जेवलास रे?"

आणि बंदर दणाणून सोडणारा तो माणूस हुंदके देऊन रडू लागला. "पोर गेल्यापासून घास उतरला नाही, महाराज."

"म्हणूनच आपल्या लेकराची हाक तुला ऐकू आली नाही."

सगुणा घरी जाऊन उरलेली पेज घेऊन आली. नाखव्याने आधी तिच्या पायांवर डोकं ठेवलं, मग वाडगा हातात घेतला.

गलबतं गेली, चाफाही गेला. पण खारवलीत आजही कुणी कौलाला आलं की गुरव पाकळी भिजवण्याआधी विचारतो, "जेवून आलास ना रे?"