केरबा आणि रिकामी मासोळी

डोंगराच्या ओंजळीत एक तळं होतं, आणि तळ्याच्या काठी भोयांचं एक गाव. तिथे केरबा नावाचा एक म्हातारा राहत असे. पाऊस सुरू झाला की गावातली सगळी जाळी खुंटीला लागत. मासोळ्यांनी अंडी घातल्याशिवाय जाळं टाकायचं नाही, असा तिथला रिवाज. पण पाण्याखालचं कळणार कसं? ते सांगायचं काम केरबाचं. तो गळाने एक मासोळी धरी, कमळाच्या पानावर तिचं पोट उघडी आणि आत पाही. अंड्यांची पिशवी, म्हणजे गाभोळी, भरलेली दिसली की म्हणे, "अजून न्हाई." पिशवी रिकामी दिसली की म्हणे, "झालं, टाका जाळी." ती मासोळी मात्र कुणी खायची नाही, दिवस मावळताना तळ्याला परत द्यायची. केरबाचा शब्द कधी चुकला नव्हता, आणि हे तो स्वतःही अधूनमधून ऐकवत असे.

त्या वर्षी त्याची सून हौसा पोटुशी होती. तिला माशाच्या कालवणाचे डोहाळे लागले होते. तोंडाने ती काही मागत नसे, पण खुंटीवरच्या जाळ्याकडे बघत बसे. केरबाचा जीव तुटे.

एके सकाळी धुक्यातच त्याने मासोळी धरली. चांगली हातभर लांब. पोट उघडलं, तर रिकामं. त्याला इतका आनंद झाला की त्याने दुसऱ्यांदा पाहिलंच नाही. "झालं! उद्या टाका जाळी!" गाव हरखलं. बाया मसाला वाटायला बसल्या.

दुपारी केरबा जांभळीखाली टेकला आणि त्याचा डोळा लागला. बघतो तर तळं तळापर्यंत नितळ झालेलं, आणि मासोळ्या परकऱ्या पोरींसारख्या रमतगमत त्याच्यापुढून चाललेल्या.

"तुमची पिल्लं कुठं हाईत गं?" केरबाने विचारलं.

त्या हसल्या. "बाबा, आमची अजून लग्नंच कुठं झालीत? आया मागून येतायत. त्यांना चालवत नाही."

आणि खरंच, मागून जड पोटाच्या मासोळ्या सावकाश येत होत्या.

केरबा दचकून उठला. त्याने पानावरची मासोळी पुन्हा पाहिली. अंडी घालून झाली की पिशवी सैल पडते, लालसर होते, पिळून टाकलेल्या फडक्यासारखी. ही तर दोऱ्याएवढी बारीक आणि पारदर्शक होती. ती रिती झालेली नव्हती, कधी भरलीच नव्हती. मासोळी अंगाने वाढली होती, पण वयात आली नव्हती. त्याने घाईने आणखी चार धरल्या. एक तशीच कोवळी. तिघी गाभोळीने ठासून भरलेल्या.

केरबाने पाचही मासोळ्या पानांवर ओळीने मांडल्या. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? हौसाच्या ताटात कालवण पडलं असतं, आपला शब्दही राहिला असता. पुढल्या साली मासे घटले, तर पावसाला बोल लावता आला असता. हा विचार मनात आला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्याने पानं उचलली आणि दिवस मावळायच्या आत चावडी गाठली. दोन्ही तऱ्हेच्या मासोळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. म्हणाला, "मी चुकलो. उद्या जाळी टाकली, तर आयाच मरतील."

लोक चिडले. सुभान पाटील म्हणाला, "तात्या, मसाला वाटून झालाय घरोघरी!"

तेवढ्यात हौसा पुढे आली. "मामंजी, अजून किती दिस?"

"पंधरा तरी, पोरी."

"मग मी थांबते. त्याबी माझ्यासारख्याच पोटुशी हाईत."

पाटील उठला आणि खाली काढून ठेवलेलं आपलं जाळं आवरायला घरी गेला. जाळी पुन्हा खुंटीला लागली.

पंधरा दिवसांनी काठचं पाणी बारीक पिल्लांनी थरथरू लागलं. केरबाने पाच मासोळ्या उघडल्या, प्रत्येकीच्या पोटात दोनदा पाहिलं आणि हौसालाही पाहायला लावलं. "रिकामी ना?" पाटलाने उतावीळपणे विचारलं.

"थांबा," केरबा म्हणाला. "देऊन रिकामी हाय का भरायची ऱ्हायलीय, ते बघू द्या."

मग तो हसला. जाळी पाण्यात पडली, आणि कालवणाचं पहिलं ताट हौसापुढे आलं.

तात्पर्य: हवं तेच दिसलं की माणसाने दुसऱ्यांदा पाहावं, आणि चूक कळली की आपल्या मानापेक्षा दुसऱ्याचा जीव मोठा मानून ती वेळीच बोलून दाखवावी.