रांजणाचा दुसरा श्वास

एका राज्यात द्राक्षांचा एक जुना मळा होता, आणि त्या मळ्यात कोणालाच स्वस्थ बसता येत नव्हते. असे का, ते ऐका.

मळ्याच्या मूळपुरुषाला पहिली वेल एका मांत्रिकाने दिली, ती अट घालून. द्राक्षे पायांनी तुडवावीत, रस जमिनीत पुरलेल्या रांजणात भरावा, रोज कान लावून ऐकावा, आणि खदखद निमून तो निजला म्हणजेच तोंड मातीने लिंपावे. पिढ्यान् पिढ्या ही रीत पाळली. पण नव्या राजाला अभिषेकासाठी आसव हवे होते, तेही आजच्या आज. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मळ्याचा धनी वीरबाहू राजाज्ञेपुढे नमला. रस जरा गप्प होताच त्याने घडाभर आसव राजवाड्यात धाडले आणि उरलेल्यावर माती लिंपली.

अट मोडली, आणि ते आसव पिताच राजा सिंहासनाभोवती फेऱ्या घालू लागला आणि वीरबाहू रांजणाभोवती; मळ्यातही कोणाला बसवेना. लिंपलेल्या मातीचा दगड झाला, आत रस खदखदतच राहिला. राजाच्या पायांखाली गालिचे तरी होते. वीरबाहूचे तळवे फाटले, अंगातले रक्त आटले. त्याची लेक हेमलेखा त्याच्यासोबत चालत त्याला घास भरवी. बाप आता फार दिवसांचा सोबती नाही, हे तिला दिसत होते आणि तिचे काळीज तुटत होते.

जुन्या वेलीवरच्या साळुंकीने तिला तीन कामे सांगितली. नागाच्या वारुळाची माती आण, आटल्या विहिरीतला तांब्याचा हातोडा आण, तिसरे आल्यावर सांगेन.

हेमलेखा धावली. नागाने मातीच्या बदल्यात तिची सावली घेतली, विहिरीने हातोड्याच्या बदल्यात केसांचा काळा रंग. तिने मागे वळून पाहिले नाही. परत येऊन हातोड्याच्या घावाने तिने रांजणाचे तोंड फोडले.

"आता बस," साळुंकी म्हणाली.

"तेच तर जमत नाही."

"म्हणून ते तिसरे."

हेमलेखेने सुकल्या वेलीने स्वतःचे पाय बांधले आणि रांजणाला कान लावून ती बसली. पाय ओढ घेत होते, जीव कासावीस झाला होता. अखेर रस गप्प झाला.

"लिंप, मुली," वीरबाहू म्हणाला. "आता चालवत नाही."

तिने माती उचलली. मग तिचा हात थबकला.

"तात, त्या वेळी रस असा गप्प होताच आपण लिंपले होते?"

"हो, असा गप्प होताच."

तिने माती खाली ठेवली. बाप अडखळत फेऱ्या घालत राहिला, तिचे डोळे वाहत राहिले. आणि रांजणाने दुसरा श्वास घेतला. रस काठापर्यंत उसळला, मनातले सगळे बोलून झाल्यासारखा खाली बसला, आणि वेलींवरच्या मधमाश्या ऐकू येऊ लागल्या. तेव्हा तिने तोंड लिंपले. मागची पावले थांबली. वीरबाहू तिच्या शेजारी येऊन बसला आणि बसल्या जागी झोपी गेला.

राजाही सिंहासनावर टेकला, कारभार मार्गी लागला. हेमलेखेची सावली परत आली. केस मात्र पांढरेच राहिले.

पुढल्या सुगीला राजाचा दूत आला, आसव कधी मिळेल म्हणून विचारू लागला. हेमलेखेने रांजणाला कान लावला.

"अजून बोलतो आहे," ती म्हणाली. "बसावे."

दूत बसला.