मान न हलवणारा नंदी

"नंदी बहिरा आहे!" कुरणगडचा राजा गंडेराव गरजला. "कुणी घडवलाय हा?"

नव्या शिवमंदिराच्या सभामंडपात आवाज घुमला. खांबाआडून धोंडजी पाथरवट पुढे आला. मागे त्याची लेक राही, हातात छिन्नी तशीच.

झालं होतं असं, की राजाला मिशाच फुटत नव्हत्या. पन्नाशी उलटली तरी ओठावर लव नाही! म्हणून त्याने नंदीच्या कानात हळूच मागणं सांगितलं. पण त्या कोरीव घुमटाखाली हळूच बोललेलंही घुमतं. "मिशा दे... मिशा दे... मिशा दे..." अख्ख्या मंडपाने ऐकलं. नंदीने मात्र मान हलवली नाही!

"शिवरात्रीला सगळ्यांदेखत याने मान हलवून होकार द्यायचा! नाही तर तुझे हात कलम!"

"महाराज, एका अखंड शिळेतला आहे तो. मान हलली तर गळूनच पडेल!"

"सबबी नकोत! काय प्रधानजी?"

प्रधानांनी मान डोलावली. सेनापतींनी डोलावली. राजवैद्यांनी तर प्रश्न संपायच्या आधीच डोलावली.

मग वैद्यांनी उपचार आरंभले. लसूण घालून कढवलेलं तेल नंदीच्या कानात! कान दगडाचा, तेल जाणार कुठे? ते गळ्यावरून ओघळलं आणि नंदीला मुंग्या लागल्या. "गुण येतोय," वैद्य म्हणाले.

धोंडजी घरी आपले हात बघत बसला. "कळस चढवायचा राहिला गं, राही."

"चढवाल, आबा!" राही म्हणाली आणि वेशीबाहेर उतरलेल्या नंदीबैलवाल्याचा ढोल मागून घेऊन आली.

शिवरात्र उजाडली. राहीने हात जोडले. "महाराज, आमच्या नंदीने कुणी मान हलवलेली कधी पाहिलीच नाही. दरबारी मंडळींना त्याच्यासमोर रांगेत उभं करा. बघून शिकेल बिचारा!"

राजाला हे पटलं. रांग उभी राहिली. राहीने ढोल घुमवला. गुबूगुबू!

"यंदा पाऊस पडेल का?"

रांगेने मान डोलावली.

"धोंडजीचे हात तोडावे का?"

डोलावली.

"आणि मग त्याच हातांनी त्याने कळस चढवावा का?"

डोलावली! राजाच्या कपाळाला आठी पडली.

गुबूगुबू! "लसणीचं तेल महाराजांच्याच कानात ओतावं का?"

रांग पुन्हा डोलली. सगळ्यांत जोरात राजवैद्य!

"अरे, ऐकता तरी का काही?" राजा ओरडला.

सगळ्यांनी मान डोलावली.

राजा राहीकडे वळला. "पण पोरी, तुझा नंदी अजून ढिम्मच!"

"ढिम्म नाही, महाराज, तो ऐकतोय! मान डोलावणारे नंदीबैल तुमच्याकडे रांगेने उभे आहेत. ऐकून घेणारा हा एकच. त्यालाही डोलायला लावलंत, तर मिशा मागणार कुणाकडे?"

राजाने आपल्या गुळगुळीत ओठावरून बोट फिरवलं. आणि तो असा हसला, असा हसला, की घुमट त्याच्यामागून कितीतरी वेळ हसत राहिला.

धोंडजीच्या दोन्ही मनगटांत सोन्याची कडी चढली. कळसाला पहिला हात लावायचा मान राहीला मिळाला. नंदीच्या मुंग्या वेचायला वैद्यबुवा बसले.

"आणि या सगळ्यांच्या गळ्यात घुंगूरमाळा बांधा!" राजाने फर्मावलं. "मान हलली की आवाज आला पाहिजे. काय प्रधानजी, बरोबर ना?"

छुम्!